काडतुसाचे वंगण आणि हिंदुस्थानचा उन्हाळा

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवावा असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा आम्ही 'वंगण' एवढा एकच शब्द लिहून धाडला. त्यावर त्यांनी मोठ्या नम्रतेने विचारले की, हा विषय संमेलनाच्या प्रसंगाला साजेल ना? साजेल, असे आम्हास वाटते. मेण, तेल, चरबी आणि शिसे या वस्तू कोणत्याही कारागिराच्या घरी परक्या नव्हत्या. आणि आपल्या देशात एका वंगणापायी जे घडले, त्याच्या हकिकतीत जात, पाणी, पंक्ती आणि विटाळ हे शब्द जितक्या वेळा येतात तितके दुसऱ्या कोणत्याही यांत्रिक वस्तूच्या इतिहासात आले नसतील. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय बोलावयाचा नाही, तर मग कोठे बोलावयाचा?

प्रथम गोळीला वंगण लागते कशासाठी ते पाहू. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे. ती तोंडातून टाकली की गडगडत खाली जाई आणि बाहेर पडताना कशीही पडे. नेमका वेध ही त्या बंदुकीकडून अपेक्षाच नव्हती. रायफलीच्या नळीला आतून मळसूत्री खाचा असतात. गोळीने त्या खाचा पकडाव्या, स्वतःभोवती फिरावे आणि भोवऱ्यासारखे स्थिर राहून दूरवर जावे, ही त्यातील युक्ती. परंतु खाचा पकडावयाच्या तर गोळी नळीला घट्ट चिकटून गेली पाहिजे, आणि येथेच अडचण सुरू होते. ओतीव शिसे मऊ. ते लोखंडाशी वेगाने घासले की त्याचा पातळ पत्रा नळीला धरून बसतो व खाचा बुजतात. दुसरी अडचण दारूची. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळते, तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर व काजळी या रूपाने घनच राहतो. दमट हवेत ही काजळी चिखलासारखी असते, पण कोरड्या उन्हाळ्यात ती खापरासारखी कडक होते, आणि मग दहावीस बारांनंतर पुढची गोळी गजाने ठोकूनही खाली उतरत नाही. वंगण शिसे व लोखंड यांच्यामध्ये पडदा धरते, काजळी मऊ ठेवते, आणि गोळीच्या बाजूने पुढे निसटू पाहणाऱ्या ज्वाळेला थोपवते. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटते की वंगण म्हणजे तेलकटपणा. तेलकटपणा हा त्यातील सर्वांत सोपा भाग होय. कठीण भाग हा की, ते वापरण्याच्या क्षणापर्यंत जेथे लावले तेथेच राहिले पाहिजे.

विलायतेत १८५३ साली एन्फील्ड रायफल मुक्रर झाली. तिचे काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी होती. एका बाजूला दारू, दुसऱ्या बाजूला गोळी. आणि गोळीकडचे टोक वितळलेल्या वंगणात बुडवून काढलेले. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी फाडावे, दारू नळीत ओतावी, पुंगळी उलटी करून वंगण लावलेले टोक गोळीसकट नळीच्या तोंडात बसवावे, उरलेला कागद तोडून टाकावा आणि गजाने गोळी खाली सारावी, अशी कवाईत होती. आता येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दात लागतात ते एका टोकाला आणि वंगण असते दुसऱ्या टोकाला. कागदावर आखलेल्या चित्रात या दोहोंचा संबंध येत नाही. परंतु ते चित्र इंग्लंडच्या हवेत आखलेले होते. त्या पहिल्या वंगणात चरबी अधिक व मेण थोडे असे. असे मिश्रण बंगालच्या किंवा अयोध्या प्रांताच्या वैशाखात चामड्याच्या तोस्तानात दिवसभर शिपायाच्या कमरेला बांधून ठेवले, तर ते एका टोकाला राहील अशी हमी कोण देणार? चरबी पातळ झाली की कागद तिला वातीसारखा ओढून घेतो. म्हणजे 'दात लावावयाचे टोक वेगळे होते' हा जो युक्तिवाद पुढे ऐकू येतो, तो हिवाळ्यापुरता खरा मानावा.

सरकारला उन्हाची शंका आली नव्हती असे मात्र नाही. आमच्या व्याख्यानाचा सारा रोख या एका प्रकरणावर आहे, म्हणून ते सावकाश सांगतो. १८५३ मध्येच विलायतेहून वंगण लावलेली काडतुसे मुद्दाम हिंदुस्थानात पाठविण्यात आली, ती वापरण्यासाठी नव्हे तर हवा मानवते की नाही हे पाहण्यासाठी. कलकत्ता, कानपूर आणि रंगून अशा भिन्न हवेच्या ठिकाणी ती ठेवण्यात आली, आणि पहाऱ्यावरील शिपायांच्या तोस्तानांत घालून वागविण्यात आली. बंगालच्या सैन्याचे अॅडजुटंट जनरल कर्नल टकर यांनी त्याच वर्षी डिसेंबरात लष्करी मंडळाला लिहून कळविले होते की, या वंगणात शिपायांच्या धर्मभावनेला धक्का लागेल असे काही नाही याची खातरी झाल्यावाचून ही काडतुसे देशी पलटणींकडे परीक्षेसाठीही देऊ नयेत. पत्र स्पष्ट होते. ते दप्तरात गेले आणि तेथेच राहिले. काडतुसे शिपायांच्या कमरेला लागली, महिनोन्महिने वागविली गेली, आणि १८५५ साली त्यांची हकीकत विलायतेला परत गेली. त्या काळात कोणा शिपायाने हरकत घेतली असे दिसत नाही, घेणार कशी? वस्तू कशाची हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ही परीक्षा फार बोलकी आहे. उन्हात वंगण वितळते का, कागद कुजतो का, गोळी जड जाते का, हे सर्व विचारले गेले. म्हणजे काडतुसाची साक्ष घेतली, आणि ज्याच्या कमरेला काडतूस होते त्याची घेतली नाही. कारखानदारीच्या दृष्टीने पाहिले तरी ही परीक्षा अपुरीच होय. वस्तू टिकाऊ आहे की नाही हे ती वापरणाऱ्या हातासकट पाहावयाचे असते.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे असे आपण समजतो. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथील तोफखान्यात काम करणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जात पाहून तो नाकारला. त्यावर खलाशी म्हणाला की, तुमची जात आता राहते किती दिवस? लवकरच गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे तुम्हाला दातांनी तोडावी लागणार आहेत. ही हकीकत २२ जानेवारीला डमडमच्या अधिकाऱ्यांपर्यंत लेखी गेली. दरवर्षी १८५७ चा विषय निघाला की व्याख्याते ही गोष्ट सांगतात, परंतु लोट्याचा भाग घाईने ओलांडून चरबीकडे धाव घेतात. आम्हाला तेथे थांबावेसे वाटते. कारखान्यात काय चालले आहे ही बातमी त्या दिवशी ज्याच्यापाशी होती, तो पाणी नाकारला गेलेला मनुष्य होता. कारखान्यात हात घालून काम करणारा तोच होता. ज्या शिपायाच्या धर्माचा प्रश्न होता त्याला ती बातमी मिळाली ती अपमानाच्या उत्तरादाखल मिळाली. लोटा दिला असता तर कदाचित ती बातमी शेजारधर्माने, सावध करण्यासाठी कळली असती. इतिहासात 'असते तर' ला जागा नाही हे आम्ही जाणतो. ज्ञातिसंस्थेच्या सभेत ती थोडी असावी.

त्या वंगणात खरोखर कोणती चरबी होती? या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आपल्या कामापुरते उत्तर थोडक्यात असे : फोर्ट विल्यमच्या कारखान्यात चरबी कंत्राटाने येई, आणि नको ती चरबी तीत येऊ नये यासाठी कसलीही विशेष खबरदारी घेतली गेली नव्हती, हे पुढे चौकशीत सरकारी बाजूनेच कबूल झाले. अमुक जनावराची होती असे सिद्ध करण्याची शिपायावर जबाबदारी नव्हती. नव्हती असे सिद्ध करणे कारखान्याचे काम होते, आणि ते त्याला करता येईना.

जानेवारी संपण्यापूर्वी सरकारने आज्ञा काढली की, काडतुसे वंगणाशिवाय द्यावी आणि शिपायांनी बाजारातून आपल्याला चालेल ती वस्तू आणून स्वतः लावावी. तसेच जेथे पूर्वीपासून मेंढीची चरबी व मेण वापरण्याची वहिवाट होती तेथे ती चालू ठेवावी असेही तारेने कळविण्यात आले. मार्चच्या सुरुवातीस दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवाईत ठरली. हे तिन्ही उपाय तांत्रिक दृष्ट्या निर्दोष होते. मेण आणि तेल यांचे चांगले वंगण होते, हे आम्ही आता दाखविणारच आहोत. परंतु तोपर्यंत संशय वंगणावरून कागदावर गेला होता. कागदाला चकाकी होती. तो जाळला असता चरबीचा वास येतो असे बराकपूरच्या शिपायांनी चौकशीत सांगितले. २६ फेब्रुवारीला बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली ती जुन्याच पद्धतीची होती, आणि २४ एप्रिलला मीरत येथे घोडदळाच्या नव्वद जणांपैकी पंचाऐंशी जणांनी ज्यांना हात लावला नाही तीही नवीन एन्फील्डची नव्हती. ९ मे रोजी त्यांना सर्वांदेखत बेड्या ठोकल्या, आणि १० मे रोजी जे झाले ते झाले. एकदा विश्वास वितळला की तो कोणत्या टोकाला होता हे कोणी पाहत नाही. अयोध्येचे राज्य खालसा होणे, परमुलखात नोकरीची नवीन सक्ती, पगार, जमिनी, ही सारी कारणे होतीच. एका वंगणाने एवढे मोठे युद्ध पेटत नाही. ठिणगी मात्र त्याच्यातून पडली.

आपल्या बाजूला कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ रोजी मुंबई सैन्याची २७ वी पलटण उठली. आणि वरसईचे विष्णुभट गोडसे, जे दक्षिणेच्या आशेने त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले होते, त्यांनी आपल्या 'माझा प्रवास' या १९०७ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात या काडतुसांची हकीकत जशी कानी आली तशी नमूद करून ठेवली आहे. कोकणातल्या एका याज्ञिकाच्या लेखणीत शिसे, चरबी आणि दारू यांची चर्चा यावी, हेच त्या वर्षाचे वैशिष्ट्य.

आता इतिहास बाजूला ठेवून पदार्थाकडे वळू.

डुकराची चरबी साधारणतः पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान वितळते, गाईबैलांची चाळीस ते पन्नास, मेंढीची त्याहून किंचित उशिरा. खोबरेल तर पंचवीस अंशांनाच पातळ होते, हे हिवाळ्यात बाटली शेगडीजवळ धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मधमाशीचे मेण बासष्ट ते पासष्ट अंशांना वितळते. आता विदर्भाचा उन्हाळा घ्या. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि हा पारा सावलीतला. बंद लोखंडी पेटी किंवा उभी मोटार उन्हात ठेवली तर आतील उष्णता सहज साठीला टेकते. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की, धर्माचा प्रश्न घटकाभर दूर ठेवला तरी केवळ उन्हाच्या दृष्टीने चरब्यांपैकी डुकराची चरबी हा या देशासाठी सर्वांत वाईट पदार्थ ठरतो, आणि मधमाशीचे मेण सर्वांत चांगला. ज्याने कारखान्यात ते प्रमाण ठरविले त्याला दोन्ही दृष्टींनी हेच उत्तर मिळाले असते.

चरबीचा आणखी एक दोष उन्हात वाढतो. जुन्या चरबीत आम्ले सुटी होतात, ती शिशाला खातात आणि गोळीवर पांढरी बुरशीसारखी साय धरते. गोळी फुगते. मोहिमेत गोऱ्या पलटणींनाही हा त्रास झाला; साठविलेली काडतुसे उन्हाळ्यात नळीत उतरेनात. शेवटी १८५९ च्या सुमारास गोळीचा व्यास ०.५६८ इंचावरून ०.५५० इंचावर आणला गेला, आणि वंगणात प्रमाण उलटे करून मेण मुख्य व चरबी नाममात्र ठेवली गेली. म्हणजे जे मेण १८५७ च्या जानेवारीत शिपायाच्या समाधानासाठी सवलत म्हणून देऊ केले, तेच दोन वर्षांनी उन्हाच्या कारणासाठी स्वीकारावे लागले. पुढे धातूच्या पुंगळीची काडतुसे आली, गोळीवर तांबे-निकेलचे कवच आले, बिनधुराची दारू आली, आणि सैन्यापुरता हा प्रश्न मिटला. तो उरला आहे तो शिशाच्या ओतीव गोळ्या अजूनही वापरणाऱ्या हौशी नेमबाजांपुरता. अमेरिकेत असे लोक पुष्कळ आहेत. ते घरी शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओततात, गोळीच्या अंगावरील कड्यांसारख्या खाचांत वंगण भरतात, आणि आपापल्या वंगणाच्या कृती लोणच्याच्या कृतींसारख्या अभिमानाने जपतात. तेथील 'अमेरिकन रायफलमन' या मासिकात कर्नल हॅरिसन यांनी पुढे आणलेले मिश्रण त्यांत विशेष प्रसिद्ध झाले : निम्मे मधमाशीचे मेण आणि निम्मे अॅलॉक्स, म्हणजे खनिज तेलापासून केलेला, गंजाला अटकाव करणारा एक चिकट पदार्थ. अॅरिझोनासारख्या मुलखात मात्र त्यांनाही आपल्यासारखाच उन्हाळा भोगावा लागतो. फिनिक्स शहरात २०२३ साली ओळीने एकतीस दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे त्रेचाळीस सेल्सिअसच्या वर राहिला. तेथे वंगण वितळून दारूत झिरपले की बार फुसका जातो किंवा जातच नाही. खाचेतून ओघळून गेले की शिसे नळीला धरते. आमची आजची कृती या लोकांच्या अडचणीचे उत्तर आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे गुन्हा आहे. मेण, तेल व लोकरीची चरबी कढविणे हा गुन्हा नाही. तरुण मंडळींनी या दोन वाक्यांतील अंतर नीट ओळखावे.

मेणात तेल मिसळले तर मेण लवकर वितळू लागेल, मग उन्हाळ्यात तेल घालावेच कशाला, असा प्रश्न सुचेल. नुसते मेण कठीण असते. ते गोळीवरून टवका उडून पडते आणि घर्षणाला पुरेसे निसरडे होत नाही. तेलाने ते लवचिक होते. मेण थंड होताना त्याच्या बारीक कणांचे जाळे तयार होते आणि तेल त्या जाळ्यात, स्पंजात पाणी राहावे तसे अडकून बसते. जाळे जितके सूक्ष्म तितके ते तेल घट्ट धरते. मधमाशीच्या मेणाचे जाळे सूक्ष्म असते. मेणबत्तीच्या पॅराफिनचे कण मोठे व ठिसूळ. उन्हात त्यातून तेल घामासारखे बाहेर येते. बाजारात 'मेण' म्हणून मिळते ते बहुधा पॅराफिन किंवा त्याची भेसळ असते, म्हणून मेण खात्रीच्या मधपाळाकडून घ्यावे. खऱ्या मेणाला मधाचा मंद गंध असतो, आणि बोटांत दाबले असता ते तुकडे न होता मळते.

आपल्या जुन्या कारागिरांना हे शास्त्र शब्दांत नसले तरी हातात होते. मेणाचा साचा करून मूर्ती ओतण्याच्या कृतीला संस्कृतात मधूच्छिष्टविधान म्हणतात, आणि चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात तिचे वर्णन आहे. तमिळ देशात स्वामीमलईचे मूर्तिकार आजही मेणात राळ आणि भुईमुगाचे तेल मिसळतात. राळेने मिश्रण ताठ होते, तेलाने मऊ, आणि हवेप्रमाणे हात राखून दोन्हींचे प्रमाण बदलावयाचे असते. वैद्यांचे सिक्थतैल म्हणजे तरी मेण व तिळाचे तेलच. राळेची युक्ती मात्र आपल्या कामी येत नाही. ती नळीत जाऊन जळते व चिकट डाग धरते. राळेचे काम आपण कार्नोबा मेणाकडून करवून घेतो. हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे मेण; ते ऐंशी अंशांच्या वर वितळते, आणि विसावा भाग घातले तरी साऱ्या मिश्रणाला ताठपणा देते. अधिक घातले तर मिश्रण काचेसारखे तडकते.

कृती अशी. मधमाशीचे मेण तीनशे ग्रॅम, निर्जल लॅनोलिन म्हणजे लोकरीची शुद्ध केलेली चरबी शंभर ग्रॅम, एरंडेल पंचाहत्तर ग्रॅम, कार्नोबा पंचवीस ग्रॅम. हे पाचशे ग्रॅम झाले. लॅनोलिन मेंढी कातरल्यावर तिच्या लोकरीतून निघते, त्यासाठी जनावर मारावे लागत नाही, हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. ते चिकट असते आणि खाचेत धरून राहते. एरंडेल निवडले ते अशासाठी की ते दाट असते व उष्णतेने इतर तेलांइतके पातळ होत नाही. अमेरिकेतील काही कृतींत खनिज तेल व एरंडेल दोन्ही असतात, परंतु ती दोन तेले थंड असता एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना एकत्र ठेवण्यासाठी साबण घालून फार मोठ्या उष्णतेवर कढवावे लागते. घरच्या चुलीवर तो उद्योग करू नये असे आमचे मत आहे.

भांड्यात भांडे ठेवावे, बाहेरच्या भांड्यात पाणी. मेण कधीही उघड्या जाळावर ठेवू नये. आधी कार्नोबा व मेण एकत्र वितळू द्यावे. कार्नोबा सावकाश विरघळते, घाई करू नये. मग लॅनोलिन, शेवटी एरंडेल. ढवळत ढवळत गॅस बंद करावा व साय धरू लागेपर्यंत ढवळतच राहावे. न ढवळता तसेच थंड होऊ दिले तर कार्नोबाचे कण आधी गोठून खाली बसतात आणि वडीचा तळ कठीण व माथा मऊ होतो. ताटलीत ओतून वड्या पाडाव्या. पेट घेतलाच तर झाकण घालावे. पाणी कदापि ओतू नये. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात येता कामा नयेत, आणि जेथे शिशाचे काम चालते तेथे खाणेपिणे करू नये. शिसे हळूहळू अंगात साठते, आणि लहान मुलांना त्याची बाधा सर्वांत अधिक.

हे प्रमाण वेदवाक्य नव्हे. कोकणच्या हवेला कार्नोबा अर्धे केले तरी चालेल. चंद्रपूर-नागपूरकडे एरंडेल पंचवीस ग्रॅमने कमी करून तेवढे मेण वाढवावे. हिवाळ्यात वडी वाकवून पाहावी. तडकली तर थोडे एरंडेल घालून पुन्हा वितळवावी. भगिनीवर्गाने क्षमा करावी, पण एरंडेल, मधमाशीचे मेण, कार्नोबा आणि लॅनोलिन हीच चार नावे त्यांच्या ओठांना लावण्याच्या लाल कांडीतही सापडतील. त्या कांडीने उन्हाळ्यात पर्समध्ये वितळू नये आणि अंगावर तेलाचे थेंब धरू नयेत, हा तिच्या कारखानदारापुढचा प्रश्न आणि आमचा प्रश्न तंतोतंत एक आहे.

परीक्षा दोन. पहिली सोपी. सुपारीएवढा गोळा पांढऱ्या, चकाकी नसलेल्या कागदावर ठेवून तो कागद भर उन्हात गच्चीवर दिवसभर ठेवावा. गोळ्याचा आकार राहिला पाहिजे, आणि भोवती तेलाचे जे वलय उमटते ते अगदी अरुंद असले पाहिजे. रुंद वलय म्हणजे जाळे तेल धरत नाही. अशा वंगणाने पुढे दारू भिजणार. दुसऱ्या परीक्षेसाठी स्टीलच्या वाटीच्या आतील अंगाला वंगणाचा पट्टा लावावा, वाटी पाण्यावर तरती सोडावी, पाण्यात तापमापक ठेवून मंद आचेवर तापवावे. पट्टा कोणत्या अंशाला घसरू लागतो ते टिपून घ्यावे. पंचावन्नाच्या आत घसरला तर ते वंगण आपल्या मे महिन्याचे नव्हे. वंगण चांगले असले तरी परदेशातील हौशी मंडळी भरलेली काडतुसे उन्हात ठेवीत नाहीत, आणि ठेवावीच लागली तर गोळीचे टोक खाली करून ठेवतात, म्हणजे ओघळ आलाच तर दारूकडे जात नाही.

मंडपाच्या पूर्वेकडील ओसरीवर आम्ही सकाळीच तीन कागद मांडून ठेवले आहेत. एकावर पॅराफिन व गोडेतेल, दुसऱ्यावर मेण व मेंढीची चरबी निम्मेनिम्मे, तिसऱ्यावर आताच सांगितलेले मिश्रण. प्रत्येकाखाली कशाचे किती प्रमाण आहे हे लिहिले आहे. आता साडेतीन वाजत आले आहेत आणि ऊन अजून तेथेच आहे. फराळापूर्वी सर्वांनी वलये पाहून यावे. ज्यांना प्रमाणे उतरवून घ्यावयाची असतील त्यांच्यासाठी शेजारी पेन्सिली ठेवल्या आहेत.